प्युअरचे दुप्पट

“प्युअर असेल तर दुप्पट पडतील,” पिकोवाले भाऊ म्हणाले, तेव्हा साडी माझ्या पिशवीतून बाहेरही आली नव्हती.

साध्या साडीच्या पिकोचे ६० रुपये, प्युअरचे १२०. साडीच्या लांबीला दोन्हीकडे विणलेली किनार असते, तिथे पिको लागतच नाही. लागतो तो कापलेल्या दोन टोकांना. एक पदराचं, एक कमरेला खोचायचं. पन्हा ४५ इंच धरला तर दोन्ही मिळून झाले अडीच वार. त्याचे १२०. पण साखरपुडा रविवारवर आलेला, साडी नणंदेनं दिलेली आणि साखरपुडा तिच्याच मुलीचा. नेसले नसते तर ते मला माझ्या सुनेच्या साखरपुड्यापर्यंत ऐकावं लागलं असतं. मी हो म्हटलं.

फक्त पिकोला हो. फॉल मी घरीच लावते. सुती फॉल लावण्याआधी भिजवून आटवून घ्यायचा असतो, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आकसतो आणि साडीचा खालचा काठ गोळा होऊन पायात येतो. भाऊंना हे मी पूर्वी सांगून पाहिलं आहे. “आमचा फॉल आटत नाही,” असं उत्तर मिळालं. सुती कापड आटत नाही म्हणणाऱ्या माणसाशी पुढे काय बोलणार?

भाऊंचा गाळा डोंबिवलीत, फडके रोडच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली आहे. मशीन, रिळांची भिंत आणि एक बाक. बाकावर त्या दिवशी एक काका बसले होते. पँटची उंची कमी करायला आलेले. त्यांनी ‘प्युअर’ हा शब्द ऐकला आणि हातातल्या पेपराची घडी घातली.

“बघू,” म्हणाले, आणि मी ‘घ्या’ म्हणायच्या आत त्यांचा हात पिशवीत गेलासुद्धा. पदर अंगठा आणि बोटात धरून त्यांनी चोळला, उजेडाकडे धरला, पुन्हा चोळला.

“वहिनी, हे प्युअर नाही.”

“बॉक्सवर लिहिलंय, काका.”

“काय लिहिलंय?”

“प्युअर शिफॉन.”

“शिफॉन ही कापडाची जात झाली. भरपूर पिळाचा धागा, साधी वीण, झालं शिफॉन. पण धागा रेशमाचा की पॉलिएस्टरचा, ते कुठं लिहिलंय? प्युअर पॉलिएस्टर असेल. तेही प्युअरच.”

मग त्यांनी स्वतःचा अधिकार सांगितला. लालबागला गिरणीत होते, प्रोसेसिंग खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले, गिरणीचा भोंगा बंद झाला तो झालाच. पुढे इथल्याच एमआयडीसीत रंगाईच्या कारखान्यात लागले आणि तिथून निवृत्त झाले. हे सगळं सांगताना पदर त्यांच्या हातातच होता, त्यामुळे मला हलता येईना. बोलण्याचा सूर असा, की संप फसला त्यात माझ्या साडीचाही काही हात असावा.

“जाळून बघू,” काका शेवटी म्हणाले.

“काय?”

“धागा हो, वहिनी. साडी कशाला जाळतोय!”

“काका, दुकानात आग नको,” भाऊंनी मशीन न थांबवता सांगितलं.

“आग कुठंय? धागा आहे.” पण त्यांनी ऐकलं. सगळी मिरवणूक गल्लीत आली. काकांनी साडीच्या कापलेल्या टोकातून दोन धागे ओढले. “एक ताणा, एक बाणा. कधी कधी एक चांगला घालतात आणि दुसऱ्यात फसवतात,” हे त्यांनी ब्लाऊजसाठी थांबलेल्या एका बाईंना समजावलं. टपरीवरच्या पोराकडून लायटर आला. धागा धरायला माझ्याच पदराची सेफ्टीपिन मागून घेतली. कुरिअरवाला स्कूटर स्टँडला लावून उभा राहिला. शाळेतून येणाऱ्या एका मुलीनं “आजोबा, मी पेटवू?” असं विचारलं. तिला नाही म्हणाले, याबद्दल मी काकांची आजही आभारी आहे.

“आता नीट बघा. रेशीम म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखं. जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख उरते, बोटानं चिरडली की पूड. पॉलिएस्टर आधी वितळतं. मणी होतो. टणक.”

त्यांनी लायटर पेटवला. धागा ज्योतीपासून मागे सरकला, आकसला, आणि त्याच्या टोकाला एक काळा ठिपका धरला.

“मणी!” काका ओरडले. निवृत्तीनंतर त्यांना इतका आनंद पहिल्यांदाच होत असावा. कुरिअरवाल्यानं चक्क टाळी वाजवली. दुसरा धागाही जाळला, तिथेही मणी. मग काका पिन धरून प्रत्येकासमोर फिरले.

“वास घ्या.”

“मला सर्दी आहे,” ब्लाऊजवाल्या बाई म्हणाल्या.

“मग दाबून बघा. गार झालाय.”

बाईंनी दाबून पाहिलं. “टणक आहे हो,” माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या. मग आवाज आणखी खाली आणून, “कुणी दिली?”

“नणंदेनं.”

“अगं बाई!”

एवढंच. पण त्या ‘अगं बाई’मध्ये माझं अख्खं सासर येऊन गेलं.

निदान एक फायदा होईल असं मला वाटलं. मी आत जाऊन भाऊंना म्हटलं, “प्युअर नाहीये. मग साठच घ्या.”

“ताई, दर सरकण्याचा असतो. रेशमाला थोडी तरी पकड असते. हे तर हातात राहत नाही.”

“पण तुम्ही ‘प्युअर असेल तर’ असं म्हणाला होतात.”

“बोलायची पद्धत असते.”

“भाऊंचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे,” काका दारातून म्हणाले. त्यांची पँट तयार झाली होती. “राहू द्या काका, तुमच्याकडून काय घ्यायचे,” असं म्हणून भाऊंनी त्यांचे पैसे घेतले नाहीत.

माझे घेतले. आणि शनिवारी रात्री साडी मिळाली ती अशी: पदराची कड पूर्ण आखडलेली, बोट बोट अंतरावर चुणी. एका कोपऱ्याला मशीननं कापड खाली ओढून चावलं होतं आणि त्या भोकावर दाट टाके घालून ते मिटवलं होतं. मधे एके ठिकाणी मुडप सुटून दशा बाहेर आलेल्या. “इस्त्री केली की बसेल,” भाऊ म्हणाले. दोऱ्याच्या ताणानं ओढलेली कड इस्त्रीनं बसत नाही, आणि पॉलिएस्टरला ती बसेल इतकी गरम इस्त्री लावली तर त्या मण्याचंच मोठं रूप बघायला मिळेल.

साखरपुड्यात मी पदर बारीक निऱ्या घालून पिन करून ठेवला. तरी नणंदेला दिसलंच. “पिको कुठं केलास गं? प्युअरला नीट करणारा बघायचास ना!” मी पेढा तोंडात टाकला.

मला राग कशाचा आहे सांगू? साठ घेऊन साडी बिघडवली असती तर मी बोलले नसते. साठ रुपयांत वीज, दोरा, गाळ्याचं भाडं आणि माणूस बसवायचा म्हणजे त्याला पळापळ करावीच लागते. पण दुप्पट कशाचे घेतले? सकाळी जीन्स शिवली तीच जाड सोळा नंबरची सुई माझ्या साडीला. दोरा तोच, वेग तोच. शिफॉनला नऊ नंबरची सुई लागते आणि ती बदलायला एक मिनिट पुरतं. दुप्पट पैशांत ते एक मिनिटही येत नसेल, तर ते पैसे माझ्या नव्हे, त्यांच्याच नाजूकपणाचे झाले.

तेव्हापासून मी घरचे उपाय शोधायला लागले. सासूबाईंच्या काळ्या पायमशीनच्या खणात पत्र्याचा एक डबा आहे. त्यात मशीनचा एक फूट आहे, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा तुकडा, पुढच्या टोकाला गोगलगायीच्या शंखासारखा वळसा असलेला. मुलगा लहानपणी त्याची शिट्टी करायला बघायचा, ती कधी वाजली नाही. हाच बारीक मुडप घालायचा फूट. कापडाची कड वळशात शिरते, दोनदा दुमडून बाहेर येते आणि सुईखाली जाते. सिंगरनं १८५१ मध्ये मशीनचं पेटंट घेतलं आणि १८८९ च्या पेटंटची, मशीनच्या जोडसामानाची घडीची लाकडी पेटी आली, तिच्यातही असे मुडपीचे फूट असायचे. म्हणजे माझ्या पदराचा प्रश्न तेव्हाच सुटलेला होता, फक्त फडके रोडच्या मागं ही बातमी पोचलेली नाही. नवा फूट घ्यायचा तर मशीनच्या सामानाच्या दुकानात दीडशेच्या आत मिळतो, आपल्या मशीनला बसतो का ते बघून घ्यायचा.

यात सगळी मेख पहिल्या इंचात आहे. मुडप सुरू व्हायच्या आधीच मशीन शिफॉनचा कोपरा खाली ओढतं. म्हणून कोपरा किंचित तिरका छाटायचा, तिथे नुसते चार टाके घालायचे, दोऱ्याची शेपटं लांब ठेवायची आणि त्यांना धरून कापड वळशात ओढून घ्यायचं. खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवली तर आणखी बरं. टीप मारून झाली की कागद फाडून काढायचा. शाई लागेल अशी भीती असेल तर पतंगाचा कागद घ्या.

तरीही ते सरकतंच. त्यावर औषध आमच्या स्वयंपाकघरात निघालं: साबुदाण्याची खळ. पातळ खळ करून गाळायची, फक्त कडेचे दोन इंच बुडवायचे, सावलीत वाळवून कोमट इस्त्री फिरवायची. तीच बेशिस्त शिफॉन पोस्टकार्डाइतकी ताठ होते आणि सांगाल तिथे दुमडते. काम झालं की धुऊन टाकायची. पण हे पॉलिएस्टरला. खऱ्या रेशमाला पाण्याचे डाग पडतात, ते आटतंही, तेव्हा आधी कोपऱ्यावर बघा. माझ्यापुरता हा प्रश्न काकांनी भर गल्लीत निकालात काढलेला आहे.

घरच्यांना एकच कुतूहल होतं: खिचडी होणार आहे का. “साबुदाणा भिजवलाय ना?” असं हे दोनदा विचारून गेले.

पण मला सगळ्यात आवडला तो बिनमशीनचा उपाय. खराब कड कापून टाकली. काठापासून अर्ध्या सेंटिमीटरवर बारीक धावदोरा घातला, त्याच्या बाहेरचं कापड दोन मिलिमीटर ठेवून छाटलं. मग कड एकदा आत दुमडायची. सुई दुमडीच्या आतून सरकवायची, बाहेर काढून खालच्या कापडाचा फक्त एक धागा उचलायचा, पुन्हा दुमडीत. असं दोन-तीन इंच सैलसर शिवत जायचं. तेवढ्यात ते अगदीच गबाळं दिसतं. मग दोरा हळूच ओढायचा, आणि सगळी कड आपोआप आत गुंडाळली जाते, टाका कुठे दिसत नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावलं. मुलगा म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “बघ ना, टाका दिसत नाही.” तो म्हणाला, “मग बघू काय?”

पॅरिसच्या एर्मेस कंपनीचा रेशमी रुमाल १९३७ पासून निघतो, ९० सेंटिमीटरचा चौकोन. त्याच्या चारही कडा अशाच हातानं गुंडाळून शिवतात आणि तेवढ्या कौतुकानं ते सांगतातही. त्याच्या किमतीत आमच्याकडे अर्धा बस्ता निघेल. आम्ही शाळेत शिवणाच्या तासाला रुमालाला हेम घालायचो, तेव्हा बाई टाके उसवून परत द्यायच्या आणि पुन्हा घालायला सांगायच्या. कौतुक सोडा, रुमालही घरी न्यायला मिळायचा नाही, प्रदर्शनात लागायचा.

पदराची एक कड पूर्ण करायला माझी अख्खी संध्याकाळ जाते. मानेला रग लागते, चष्मा असून दिवा जवळ घ्यावा लागतो. साहित्याचा खर्च म्हणाल तर सुई आणि दोरा, म्हणजे जवळजवळ शून्य. स्वस्त पर्याय म्हणतात तो हाच. यात संध्याकाळ कुणी धरत नाही, कारण ती बाईची असते.

चूक फक्त शेजारणीची झाली, तिनं पदर पाहिला. खालच्या मजल्यावर बातमी गेली, तिथून बी विंगला. परवा बेल वाजली, दारात तिसऱ्या मजल्यावरची चिमुरडी. हातात पिशवी, पिशवीत जॉर्जेटच्या ओढण्या, सव्वादोन मीटरच्या, चारही बाजू कापलेल्या.

“काकू, आईनं दिल्यात. म्हणाली, तुम्ही घरीच असता ना. अजिबात घाई नाहीये, उद्या दुपारी दिल्यात तरी चालेल.”