दाढ एक, डॉक्टर किती?

वादाला तोंड फुटले ते नानांच्या दाढेवरून. खालच्या दाढेच्या कडेने हिरडीतून पू येत होता, आणि निरनिराळ्या शाखांचे दंतवैद्य एकत्र काम करतात अशा दवाखान्यात दाखवावे, असे ताईने सुचवताच नाना उसळले. "दाढ एक आणि तिच्याभोवती चार डॉक्टर! माझ्या डॉक्टरांना माझे तोंड वर्षानुवर्षे ठाऊक आहे, तिथे दर वेळी नवा चेहरा समोर येणार आणि प्रत्येक जण आपले काहीतरी काम काढणार," असे त्यांचे म्हणणे होते. मला तरी ते अगदीच टाकाऊ वाटले नाही.

बापूंनी लगेच 'सगळे एकाच छताखाली', 'हेलपाटे वाचतात' वगैरे सुरू केले, पण ते जाहिरातीतही वाचायला मिळते. ताईने मात्र मुद्द्यालाच हात घातला.

"नाना, पू नेमका कुठून येतो आहे, हे आधी ठरायला हवे ना? दाताची नस मरून मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग झाला, तरी पू हिरडीच्या कडेने वाट काढतो. आणि हिरडीच्या आजाराने हाड झिजले असले, तरी वरून जवळजवळ तसेच दिसते. पहिल्या प्रकारात रूट कॅनल करावे लागते, तर दुसऱ्यात हिरडीखाली मुळांची खोल सफाई करावी लागते. दुखणे एकाचे आणि उपचार दुसऱ्यावर झाले, तर पू काही थांबत नाही."

हे ओळखायचे कसे, असे बापूंनी विचारल्यावर तिने तपासणीच उलगडून सांगितली. दाताला गार स्पर्श करून नस जिवंत आहे का ते पाहतात. मग मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत हलकेच घालून दाताभोवती फिरवतात. निरोगी हिरडीत ती साधारण 1 ते 3 मिलिमीटर आत जाते. एकाच जागी ती अचानक खोल उतरली, तर रोग नसेकडून आल्याचा किंवा मूळ तडकल्याचा संशय येतो. सगळीकडेच खोल जात असेल, तर हिरडीच्या आजाराकडे बोट जाते. कुशल डॉक्टर एकटाही हे करतो, हे तिने मान्य केले. पण निष्कर्ष संदिग्ध असला, तर रूट कॅनलच्या आणि हिरड्यांच्या तज्ज्ञांनी तोच एक्स-रे आणि तीच दाढ एका वेळी पाहणे वेगळे, आणि चिठ्ठी घेऊन रुग्णाने दोन टोकांना फिरणे वेगळे, असे तिचे म्हणणे होते.

"आणि दोघेही एकमेकांकडे काम पाठवत राहिले तर?" नानांनी विचारले. हा प्रश्न ताईने झटकला नाही. एकाच दवाखान्यातले दुसरे मत पुरते स्वतंत्र मानता येत नाही, हे तिने कबूल केले. मोठ्या कामाआधी बाहेरच्या डॉक्टरांना विचारावे, असे माझेही मत आहे. आणि साधी सफाई किंवा किरकोळ फिलिंग यांसाठी इतक्या तज्ज्ञांची गरजच नाही.

मात्र इम्प्लांटचा, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात लावण्याचा, विषय निघाल्यावर पारडे ताईकडे झुकले. हाडात स्क्रू एक जण बसवतो आणि वरचा दात पुष्कळदा दुसरा. दात कुठे यायला हवा हे आधी ठरवून मग स्क्रूची जागा आणि कोन निश्चित करायचा असतो. नाहीतर स्क्रू हाडात पक्का बसलेला असूनही वरचा दात धड बसत नाही आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यातच हाड स्क्रूला धरायला पुष्कळदा काही महिने जातात, त्यामुळे नोंदी एकत्र असणे आणि नेहमीचे डॉक्टर रजेवर असताना दुसऱ्याला त्या उघडता येणे, याला खरी किंमत येते.

"पाटीवर दहा नावे असतात, पण तज्ज्ञ ठरावीक दिवशीच येत असतील, तर रात्री गाल सुजल्यावर बघणार कोण?" नानांचा हा शेवटचा वार बापूंनाही पटला. अखेर असे ठरले की नानांनी जुने एक्स-रे बरोबर न्यावेत, उपचारांचा आराखडा शेवटपर्यंत कोणत्या एका डॉक्टरांच्या हाती राहणार हे नावानिशी विचारावे, आणि मधुमेहाच्या व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी पहिल्याच भेटीत द्यावी. जुन्या डॉक्टरांना हे कळवावे की नाही, यावर मात्र पुन्हा जुंपली. नानांना संकोच वाटत होता. तपासणीचा अहवाल त्यांच्याकडेही गेलाच पाहिजे, यावर ताई अडून बसली.