‘डिग्री फेका, स्किल धरा’ या मेसेजला एका टर्नर निदेशकाचं उत्तर

दहावीचे निकाल लागले की एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. यंदा मला तो एकाच दिवशी तिघांनी पाठवला. मजकूर साधारण असा: बिल गेट्सनी कॉलेज सोडलं. जर्मनीत पोरं सोळाव्या वर्षी डिग्रीच्या नादी न लागता कारखान्यात जातात, म्हणून तो देश श्रीमंत. आपल्याकडे पदवीधर बेकार फिरतात आणि अंगठा लावणाऱ्याला काम मिळतं. नव्या जमान्यात शाळेतलं गणित आणि भाषा कुणाला लागते? तीन महिन्यांचा कोर्स करा आणि कमवायला लागा.

मी बावीस वर्षं आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातून भाग घडवायचं काम, शिकवतो. हा मेसेज मला आवडेल असं पाठवणाऱ्यांना वाटत असावं. पण परवा एक वडील तोच मोबाइलवर उघडून माझ्यासमोर बसले. मुलगा गणितात राहिला होता. ‘सर, तुमच्याकडे हाताचं काम आहे ना, मग गणिताचं काय एवढं?’ असं ते अगदी मनापासून विचारत होते. म्हणून हे लिहितोय, आणि सुरुवात गणितापासूनच करतो.

लेथवर टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळता होत जाणारा आकार, काढायचा आहे असं समजा. एका टोकाला व्यास ४० मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ३०, लांबी ५०. टूल धरणारी कंपाउंड स्लाइड किती अंशांवर फिरवायची? दोन व्यासांतला फरक १०, त्याला लांबीच्या दुपटीने म्हणजे १०० ने भागायचं. उत्तर ०.१. टॅन्जंटच्या कोष्टकात बघितलं की कोन येतो ५ अंश ४३ मिनिटं. मागच्या वर्षी एका मुलाने ‘दुपटीने’ हा शब्द सोडून दिला आणि स्लाइड सव्वाअकरा अंशांवर लावली. पोराचा हात इतका चांगला की टूल सुरेख चाललं, फिनिश आरशासारखं आलं. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लावला तर निमुळतं टोक ३० ऐवजी २० भरलं. जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, रिजेक्ट. त्याच्या हातात काहीच कमी नव्हतं. कमी होती ती नववी-दहावीच्या भूमितीची आणि पुस्तकातलं एक वाक्य नीट वाचण्याची.

असे विद्यार्थी थोडे नाहीत. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२३ साली २८ ग्रामीण जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची मुलं तपासली गेली. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागण्याचं गणित फक्त ४३.३ टक्क्यांना जमलं. या मुलांना ‘गणित सोडा, स्किल धरा’ म्हणणं म्हणजे पाया न भरता स्लॅब टाकायला सांगणं.

आता जर्मनी. तिथली मुलं लवकर कारखान्यात जातात हे खरं, पण पुढचं मेसेजमध्ये येत नाही. मुलगा कंपनीशी रीतसर करार करतो, त्याला दरमहा विद्यावेतन मिळतं आणि आठवड्यातला एक किंवा दोन दिवस तो शाळेतच असतो. तिथे त्याच्या धंद्याचं गणित आणि तंत्र असतं, शिवाय जर्मन भाषा आणि समाजशास्त्रही असतं. असे मान्यताप्राप्त व्यवसाय तीनशेवर आहेत आणि प्रशिक्षण दोन ते साडेतीन वर्षांचं. मेकॅट्रॉनिक्सला, म्हणजे यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्या जोडकामाला, पूर्ण साडेतीन वर्षं लागतात. शेवटी परीक्षा व्यापार-उद्योगांचं मंडळ घेतं. बारावीएवढं शिकलेली मुलंही या वाटेने जातात आणि पुढे ‘माइस्टर’, म्हणजे परीक्षा देऊन उस्ताद कारागीर, झालेल्याला विद्यापीठाचं दार उघडं असतं. यात तीन महिने कुठे बसतात, मला कुणी दाखवावं.

कायद्याचं म्हणाल तर त्यांचा व्यवसाय-प्रशिक्षण कायदा १९६९ चा आणि आपला अप्रेंटिस कायदा १९६१ चा. कागद आपल्याकडे आधीच होता. पण माझे दोन विद्यार्थी एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले आणि वर्षभर पॅकिंगला उभे राहिले. लेथला त्यांचा हातही लागला नाही. वर्षाअखेरीला प्रमाणपत्र मात्र मिळालं. जर्मनीचं उदाहरण द्यायचं तर या गोष्टीचा जाब विचारायला द्या.

पदवीधरांच्या बेकारीचा मुद्दा खोटा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात तरुण पदवीधरांमधला बेरोजगारीचा दर २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधला ३.४ टक्के दिला आहे. मेसेजवाले इथेच थांबतात. काम शोधूनही मिळत नाही तो बेरोजगार, अशी ही मोजणी. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल आजच्या मजुरीवर पेटते, तो सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो आणि मिळेल ते करतो. त्याची गणना ‘काम आहे’ अशी होते. ते काम कसलं, किती दिवसांचं, किती रुपयांचं, हे त्या ३.४ मध्ये दिसत नाही. अनेक कॉलेजांत प्रॅक्टिकलच्या वह्या नुसत्या उतरवून काढल्या जातात, डिग्री पोकळ निघते, हे मला मान्य. मग कॉलेज सुधारायला सांगा. पोराला वर्गाबाहेर काढून ते सुधारणार नाही.

बिल गेट्सबद्दल थोडक्यात. त्यांनी सोडलं ते हार्वर्ड, म्हणजे आधी तिथे प्रवेश मिळाला होता. आणि त्यांच्या सिएटलच्या शाळेत १९६८ सालीच संगणकाचं टर्मिनल होतं. तो शाळेचा गुण आहे, शाळा सोडल्याचा नाही.

राहिलं हाताचं काम आणि पुस्तक यांचं वैर. हे वैर आपल्या मातीतलं नाहीच. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा टकळीवर सूत काढता काढता मुलाला हिशेब यावा ही कल्पना होती. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या विषयात शाळकरी मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, शेती, वीजजोडणी, स्वयंपाक हाताने करतात आणि उरलेले दिवस शाळा शिकतात. दोन्ही एकाच मुलाला, एकाच वयात.

त्या वडिलांना मी पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला लावला. मुलगा सध्या संध्याकाळी साडेपाचला वर्कशॉपमध्ये येतो. आम्ही स्टीलची पट्टी आणि व्हर्नियर पुढ्यात घेऊन दशांश अपूर्णांक करतोय. काल त्याने पहिल्यांदा २४.३६ बरोबर वाचलं, आणि मी न सांगता पुन्हा मोजून बघितलं.