‘& दिसला की वेग गेला’: क्लोजरमधला अर्धवट सल्ला

जेव्हीएमवर (जावाच्या आभासी यंत्रावर) चालणारी क्लोजर भाषा शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: "& वापरलेलं फंक्शन प्रत्येक कॉलला यादी बांधतं, म्हणून ते संथ. वेग हवा तर & टाळा, आणि अप्लायऐवजी रिड्यूस लिहा." इथे & म्हणजे ‘उरलेली सगळी आर्ग्युमेंट एकत्र घ्या’ ही खूण; अप्लाय यादीतले सगळे घटक एकाच कॉलमध्ये फंक्शनला देतो, रिड्यूस ते एकेक करून घेत जातो. या सल्ल्यात खरं आहे ते थोडं, आणि तेही भलत्याच ठिकाणी लावलेलं.

"प्रत्येक कॉलला यादी." नाही. दोन आर्ग्युमेंटची वेगळी बॉडी आणि [अ ब & बाकी] ही दुसरी असेल, तर दोन आर्ग्युमेंटचा कॉल थेट पहिलीत जातो. वेगळी बॉडी नसली तरी ‘बाकी’ निल (म्हणजे काहीच नाही) असते, काहीच बांधलं जात नाही. तिसरं आर्ग्युमेंट आलं की मगच ॲरे आणि त्यावर सीक (क्रमाने वाचायची यादी) तयार होते. तेव्हा & उडवू नका; नेहमीच्या कॉलच्या ॲरिटी (ठरावीक संख्येच्या आर्ग्युमेंटच्या बॉडी) वेगळ्या लिहा. मात्र तीनची ठरीव ॲरिटी हवी असेल तर & च्या आधीही किमान तीन नावं लागतात, नाहीतर कंपायलर अडवतो.

"(+ अ ब क) ऐवजी (+ (+ अ ब) क) लिहा." फुकटची मेहनत. थेट लिहिलेला + चा कॉल कंपायलर स्वतःच दोन-दोनच्या बेरजांत इनलाइन करतो, म्हणजे फंक्शनला न बोलावता जागच्या जागी थेट बेरजा घालतो. < आणि = यांचं तसं नाही, ते फक्त दोन आर्ग्युमेंटनाच इनलाइन होतात. म्हणून हॉट (सतत फिरणाऱ्या) लूपमध्ये (< अ ब क) सोडून (अँड (< अ ब) (< ब क)) लिहिण्यात अर्थ आहे. ब हा महागडा कॉल असेल तर त्याचं उत्तर आधी लेटमध्ये एका नावाला बांधा, नाहीतर तो दोनदा चालेल.

"अप्लायपेक्षा रिड्यूस बरा." इथे सल्ला सपशेल उलटा पडतो. एकेका अक्षराच्या १०,००० स्ट्रिंग रिड्यूस आणि स्ट्र (स्ट्रिंग जोडणारं फंक्शन) यांनी जोडल्या, तर प्रत्येक पायरीला आतापर्यंतची स्ट्रिंग नव्याने कॉपी होते: एकूण सुमारे ५ कोटी अक्षरं. अप्लायने स्ट्र बोलावलं की आत एकच स्ट्रिंगबिल्डर चालतो, १०,००० अपेंड आणि काम संपलं. याद्या जोडणाऱ्या कॉन्कॅटचं तर विचारूच नका. रिड्यूसने हजारो याद्या जोडल्या की एकात एक लेझी (मागेपर्यंत न काढलेल्या) सीक गुंततात, आणि पहिला घटक मागताच स्टॅक ओव्हरफ्लो. अप्लाय कॉन्कॅटला हा त्रास नाही. आणि + बाबत? तिथे रिड्यूस चालेल, अप्लायही चालेल.

खरी किंमत दोन जागी आहे. & नंतर कीवर्ड (नावासह दिलेल्या) आर्ग्युमेंटचं डिस्ट्रक्चरिंग केलं, म्हणजे ती नावांप्रमाणे सुटी केली, तर अशा प्रत्येक कॉलला मॅप तयार होतो; आतल्या लूपमध्ये साधी ठरीव आर्ग्युमेंट द्या. दुसरं, & वाल्या फंक्शनने स्वतःलाच अप्लायने बोलावणं: स्टॅक वाढत जातो. त्याऐवजी रिकर (स्टॅक न वाढवता पुन्हा सुरुवातीला जाणारा कॉल) वापरा आणि ‘बाकी’ अख्खी सीक म्हणूनच पुढे द्या, सुटी करून नव्हे.

वेग मोजताना क्लोजरचं टाइम एकदा चालवून आलेला आकडा धरू नका, जेआयटी (चालता चालता कोड वेगवान करणारा कंपायलर) तेव्हा तापलेलाच नसतो. क्रायटेरियम या मोजणीच्या लायब्ररीचं क्विक-बेंच वापरा, आणि प्रत्यक्षात जितकी आर्ग्युमेंट जातात तितकीच देऊन मोजा.