हॅमिल्टन पॅलेस 'नाइलाजाने' पाडला नाही

स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टन पॅलेसच्या जुन्या फोटोंखाली ठरलेला मजकूर फिरतो: हॅमिल्टन घराण्याच्या बाराव्या ड्यूकने जुगारात सगळं उडवलं, मग खाणींमुळे जमीन खचली, राजवाडा नाइलाजाने पाडावा लागला आणि आता काहीच उरलं नाही.

खाणींचं आधी. जमीन खचली हे खरं, नाइलाज मात्र खोटा. जी वास्तू वाचवायची असते तिच्याखालचा कोळसा काढत नाहीत, पिलर म्हणून सोडतात. तो वास्तूच्या मापाचा ठेवून भागत नाही, कारण खचण्याचा परिणाम खाणीच्या कडेपासून तिरका वर जात बाहेर पसरतो. ब्रिटनमध्ये हा कोन उभ्या रेषेपासून साधारण 35 अंश धरतात. म्हणजे थर 100 मीटर खोल असेल, तर चहूबाजूंनी सुमारे 70 मीटर जास्त कोळसा सोडायचा. एवढा कोळसा सोडणं म्हणजे तेवढ्या उत्पन्नावर पाणी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इस्टेटीच्या विश्वस्तांनी राजवाड्याखालचा कोळसा काढायला परवानगी दिली. हा निर्णय होता, आपत्ती नव्हती. त्यात उत्तरेची दर्शनी बाजू 264 फूट लांब. खचत्या जमिनीच्या कडेला ताण येतो, मध्ये दाब. इमारत जितकी लांब, तितक्या भेगा रुंद. जवळचंच घुमटाचं समाधिगृहही खचलं, पण ते आटोपशीर आहे आणि आजही उभं आहे.

बाराव्या ड्यूकचं कर्ज मोठं होतं, यात वाद नाही. 1882 मध्ये 17 दिवस लिलाव चालला आणि 3,97,562 पौंड आले. पण त्यात विकला गेला तो राजवाड्यातला कलासंग्रह. राजवाडा पुढे चाळीसेक वर्षं उभा होता. 1895 मध्ये हा ड्यूक वारला तेव्हा त्याला मुलगा नव्हता. अरान बेटाची मालमत्ता मुलीला मिळाली, ड्यूकपद दूरच्या नातेवाइकाकडे गेलं आणि त्याचं कुटुंब दुसरीकडेच राहिलं. महायुद्धात इथे नौदलाचं रुग्णालय होतं. ज्यात मालकच राहत नाही, त्या राजवाड्यासाठी कोळसा कोण सोडणार? आमच्या मते खरं कारण हे आहे.

शिवाय दहाव्या ड्यूकने 1822 नंतर केलेला अवाढव्य विस्तार या फोटोंखाली कधीच येत नाही. त्याचे सासरे विल्यम बेकफर्ड. त्यांची संपत्ती जमैकातल्या गुलामांच्या श्रमावर पिकलेल्या साखरेची. ते सांगायलाच हवं.

'काहीच उरलं नाही' हेही चूक. संग्रहातली चित्रकार बोत्तिचेल्लीची दान्तेच्या काव्यावरची रेखाटनं हस्तलिखितांबरोबर बर्लिनला गेली, रूबेन्सचं 'डॅनियल' हे चित्र वॉशिंग्टनमध्ये आहे, एका दालनाची लाकडी सजावट बोस्टनच्या संग्रहालयात. विल्यम अ‍ॅडमने बांधलेलं इस्टेटीतलं शातलरो हे शिकारघर दुरुस्त होऊन 1987 पासून लोकांसाठी खुलं आहे.