खरा धोका धक्क्यावर होता

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला गेलेल्यांचा विषय निघाला की सगळे एलिस आयलंडचेच फोटो टाकतात. पण न्यूयॉर्क बंदरातलं ते स्थलांतरितांचं तपासणी केंद्र सुरू झालं १ जानेवारी १८९२ ला, शतक संपत आल्यावर. त्याआधी १८५५ ते १८९० या काळात सुमारे ८० लाख माणसं न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरच्या कॅसल गार्डन या उतरण्याच्या केंद्रातून गेली. त्याचं कुणी नावही काढत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

त्याची गरज का पडली? दुष्काळातून निघालेली आयरिश कुटुंबं शिडाच्या जहाजात पाच-सहा आठवडे दाटीवाटीने काढायची. त्यातून जगून-वाचून न्यूयॉर्क गाठलं की दलाल गाठायचे. आयरिशांना आयरिश दलाल, जर्मनांना जर्मन बोलणारा. आपली बोली ऐकून माणूस विरघळायचा, तिथेच फसायचा. दलाल आधी ट्रंक उचलायचा, कारण सामानामागे माणूस जाणारच. लॉजचा दर स्वस्त सांगायचा, निघताना बिल फुगवायचं, पैसे नसले तर सामान अडकवायचं. सगळ्यात वाईट तिकिटांचं. पैसे घ्यायचे पार पश्चिमेपर्यंतचे आणि तिकीट चालायचं जेमतेम न्यूयॉर्क राज्यातल्याच ऑल्बनीपर्यंत.

स्थलांतरितांसाठी नेमलेल्या न्यूयॉर्क राज्याच्या कमिशनने कॅसल गार्डन उघडून दलालाची वाटच बंद केली. क्वारंटाइनमधून सुटलेल्या जहाजावरचे प्रवासी सामानासकट थेट कुंपणाच्या आत उतरवले जायचे. तिथे डॉक्टर नजर टाकायचा, मग कारकून नाव, देश आणि पुढचा मुक्काम नोंदवायचा. सामानाला बिल्ला लागायचा, त्याचा जोड प्रवाशाकडे. रेल्वेचं तिकीट, पैसे बदलणं, कामाची चौकशी, सगळं आतच. दलालांनी विरोधात सभा भरवल्या, यावरूनच घाव कुठे बसला ते कळतं. खर्च भागायचा तो प्रवाशांमागे आकारलेल्या पैशातून. १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती आकारणी रद्द केली आणि कमिशनची आर्थिक कंबर मोडली.

आणि ‘बंदरावरच्या अधिकाऱ्याने आडनाव बदललं’ ही कथा कृपया पुढे पाठवू नका. प्रवाशांची यादी जहाजाबरोबरच यायची, नंतर एलिस आयलंडवरचा कारकून तीच समोर ठेवून विचारायचा. नावं बहुधा लोकांनी पुढे स्वतःच सोपी केली. कुणाचा माग काढत असाल तर १८९७ च्या आगीने निराश होऊ नका. एलिस आयलंडवरची जुनी कागदपत्रं जळाली, पण १८२० पासूनच्या कस्टम खात्याकडच्या प्रवासी याद्या वेगळ्या होत्या, त्या बऱ्याचशा शिल्लक आहेत. त्यात वय, धंदा, देश मिळतो, गाव क्वचितच. गावासाठी माणूस निघाला त्या बंदराची यादी बघा. जर्मन बंदरांपैकी हॅम्बर्गच्या १८५० पासूनच्या आहेत, ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या.