धर्माच्या रकान्यात आडवी रेघ

आषाढी जवळ आली की आमच्या मावशीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. पंढरपूरची शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांनी का करावी? या वेळी मावसभावाने सुरुवात केली: "धर्मनिरपेक्ष राज्याचा मुख्यमंत्री सोवळं नेसून गाभाऱ्यात काय करतो?" प्रश्न रास्त आहे, मी गप्प बसलो असतो. पण पुढे त्याने मला ओढलं. "विचारा आपल्या जर्मनीवाल्याला. तिकडे धर्म घरात आणि राज्य बाहेर!"

जर्मनीवाल्याने त्या दिवशी जेवण टाकून उत्तर लिहिलं.

दादा, तू म्हणतोस त्या जर्मनीत मी अकरा वर्षं राहतोय, त्यातली नऊ आउग्सबुर्गमध्ये. ८ ऑगस्टला मला सुट्टी असते. म्युनिकला नसते, न्युर्नबर्गला नसते, अख्ख्या देशात फक्त या एका शहराला असते. १६२९ मध्ये याच तारखेला इथल्या प्रोटेस्टंटांना उपासना बंद करायला लावली होती. तीस वर्षांचं युद्ध संपल्यावर १६५० पासून त्याच तारखेला ते शांततेचा सण करू लागले. आठवडाभराने, १५ ऑगस्टला, पुन्हा सुट्टी. ती मात्र मारियाच्या स्वर्गारोहणाची, आणि बायर्नमधल्या, म्हणजे आमच्या या राज्यातल्या, ज्या गावात प्रोटेस्टंटांपेक्षा कॅथलिक जास्त, तिथेच. म्हणजे सरकार माणसं मोजतं आणि सुट्टी देतं. भारताचा स्वातंत्र्यदिन मी दरवर्षी मारियाच्या कृपेने घरी बसून साजरा करतो. नोव्हेंबरात बुस उंड बेटटागला, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या पश्चात्ताप-प्रार्थनेच्या दिवशी, शाळा बंद आणि ऑफिस चालू, तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको सुट्टीवरून भांडतो, ती गोष्ट वेगळी.

आणि पैसा? कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट सहकाऱ्याच्या पगारातून आयकर कापला जातो, त्या कराच्या ८ टक्के आणखी चर्चसाठी कापले जातात. दुसऱ्या बहुतेक राज्यांत ९ टक्के. नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन चर्च सोडल्याची नोंद करायची. २०२२ या एका वर्षात पाच लाखांहून जास्त कॅथलिकांनी ती केली. शिवाय १८०३ च्या सुमारास राजेरजवाड्यांनी चर्चच्या जमिनी खालसा केल्या, त्याची भरपाई राज्य सरकारं अजून दरवर्षी देतात. आपल्याकडच्या देवस्थानांच्या वर्षासनासारखंच, फक्त आकडा काही शे दशलक्ष युरोंचा. एकरकमी देऊन हे मिटवा, असं १९१९ च्या राज्यघटनेत लिहिलंय. शंभर वर्षं उलटली, मिटलेलं नाही. आपल्या कोर्टातल्या तारखांना हसणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

राज्यघटनेचंच म्हणशील तर १९४९ साल बघ. मे महिन्यात जर्मनांनी आपला मूलभूत कायदा जाहीर केला, त्याची सुरुवातच ईश्वर आणि माणसं यांच्यापुढच्या जबाबदारीने होते. ऑक्टोबरमध्ये आपल्या संविधान सभेत ह. वि. कामतांनी उद्देशिकेच्या आरंभी ईश्वराचं नाव घालावं अशी दुरुस्ती मांडली. मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. देव मतदानात पडला, तोही आपल्याकडे! आणि तू मला जर्मनी शिकवतोस.

हे पाठवलं आणि मला फार बरं वाटलं. पाच मिनिटं.

मग मावशीच्या यजमानांचा अंगठा आला. त्यांना माझा मुद्दा इतका आवडला की मीच घाबरलो. "बघा, ते लोक सरकारी कचेऱ्यांत क्रॉस लावतात, लाजत नाहीत. आपणच लाजतो." काका, ते खरं आहे. २०१८ पासून बायर्नच्या सरकारी इमारतींच्या प्रवेशद्वाराशी क्रॉस लावायचा नियम आहे, आणि वरच्या न्यायालयाने तो २०२३ मध्ये चालवूनही घेतला. पण त्या नियमावर कोण चिडलं ते विचारा. म्युनिकचे कार्डिनल मार्क्स. सरकारने क्रॉस हातात घेतला की तो आमचा राहत नाही, असा त्यांचा रोख. पुजारीच म्हणतोय, आमचा देव तुमच्या भिंतीला नको. हे मी काकांना लिहिलं नाही. ते मोठे आहेत, आणि खरं सांगायचं तर मघाशी मिळालेली टाळी सोडवत नव्हती.

मावसभाऊ एक गोष्ट विसरतो. पंढरपुरात राज्य काही नुसतं हार घालायला शिरलेलं नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ते दार दलितांसाठी उघडलं. देवळाचा कारभार सरकारकडे नेणारा १९७३ चा कायदा आला, बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे हक्क पार सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन २०१४ मध्ये संपले. गाभाऱ्यात राज्य नको म्हणणाऱ्याने तेव्हा गाभाऱ्यात कोण होतं हेही सांगावं. आणि मुख्यमंत्र्यांच्या शेजारी रांगेतून निवडलेलं वारकरी जोडपं उभं असतं, त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो, हे मला अजूनही कुठल्याही देशाच्या राजशिष्टाचारापेक्षा सुंदर वाटतं. हा माझा भाबडेपणा असेल. चोखोबा अजून पायरीपाशीच आहेत, बाहेर, आणि गाड्यांचा ताफा तिथूनच जातो, हेही मला माहीत आहे. सोयीचं नव्हतं म्हणून ग्रुपवर लिहिलं नाही.

माझ्या शहरात १५५५ मध्ये एक तह झाला होता. ज्याचा प्रदेश, त्याचा धर्म. राजा बोले आणि प्रजा प्रार्थना करे. आउग्सबुर्गसारख्या शहरांत मात्र कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही राहू दिलं, आणि पुढे तर कारभारातली पदंसुद्धा कॅथलिक-प्रोटेस्टंटांत निम्मी निम्मी वाटली. संत उलरिखची मोठी कॅथलिक बॅसिलिका आणि तिला खेटून छोटं प्रोटेस्टंट चर्च, दोन्ही एकाच नावाची, मी रोज ट्राममधून बघतो. त्या तहात एक कलम होतं: ज्याला राजाचा धर्म पटत नाही त्याने घरदार विकून निघून जावं, त्याला अडवू नये. मला ते कलम फार आपलं वाटतं. मीही निघून आलो. कारण धर्म नव्हता, पॅकेज होतं.

आता जे सांगतोय ते ग्रुपवर सांगणार नाही. इथे आलो त्या आठवड्यात आन्मेल्डुंगला, म्हणजे सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायला, गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी न बघता विचारलं, "रेलिगिओन?" ऑफिसातल्या एका भारतीयाने आधीच बजावून ठेवलं होतं, तिथे काही बोलू नकोस, पगारातून कापतात. आमची आजी अठरा वर्षं आळंदीहून पायी गेलेली, गळ्यात तुळशीची माळ घेऊनच गेली. आणि मी म्हणालो, "काइने." कुठलाच नाही. बाईंनी आडवी रेघ मारली. हिंदूंना हा कर लागतच नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं. जो कर नव्हताच, तो चुकवायला मी विठोबाला नाकारून बसलो होतो.

लेक आता तिसरीत आहे, एथिकच्या, म्हणजे धर्माऐवजी नीतिशास्त्राच्या, तासाला बसते. बायर्नच्या राज्यघटनेत शिक्षणाच्या सर्वोच्च उद्दिष्टांत पहिलं नाव ईश्वराबद्दलच्या आदराचं आहे. ज्यांचा ईश्वर फॉर्मवर नाही त्यांची पोरं वेगळ्या वर्गात. तिने एकदा विचारलं, "बाबा, आपण काय आहोत?" मी म्हणालो, "वारकरी." तिने विचारलं, "मग आपण चालत का नाही?" मी तिला गाजर सोलायला दिलं.

महापूजा पंढरपुरात पहाटे अडीचच्या सुमारास, म्हणजे इथे आदल्या रात्री अकराला. दहानंतर रुहेत्साइट, म्हणजे इमारतीत शांतता पाळायची वेळ, आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाई कडक आहेत. मी मोबाइल उशीवर टेकवून बघत होतो. दही-दूध झालं, मुख्यमंत्र्यांनी तुळशीहार घातला. दर्शनाच्या रांगेतून जयघोष उठला, "पुंडलिक वरदे..." आणि माझा अंगठा आपोआप आवाजाच्या बटणावर गेला. कमी करायला.