"आळशी बायकांचे बहाणे" म्हणणाऱ्या वाचकाला

दादा, वजन उतरवताना ताटात काय असावं ह्यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते, पण हात आवरला. आज लिहिते.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लेख लांबलचक आहे. व्यायामावर मी जेमतेम एक ओळ लिहिली. तुमच्या गावात भाकरी खाणारेही जाड आहेत. आणि शेवटी: "डाएट सुटल्यावर वजन परत येतं ते जिभेवर ताबा नसल्यानं. हार्मोन वगैरे आळशी बायकांचे बहाणे. आधी अभ्यास करा, मग लिहा."

लेख लांबला, मान्य. तेलाचा भाग निम्म्यात बसला असता. व्यायाम हा त्या लेखाचा विषय नव्हता, विषय ताटाचा होता. आणि भाकरी खाऊन माणूस जाड होतच नाही, असं मी कुठंही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा.

आता ते वाक्य. बायकाच का, दादा? पुरुषांचं वजन परत येत नाही? तुमच्या ओळखीत लग्नाआधी बारीक झालेला आणि वर्षभरात पँट बदलावी लागलेला एकही माणूस नाही? मुद्दा खोडायचा तर खोडा, त्याला माझी हरकत कधीच नव्हती. पण न पाहिलेल्या बाईला आळशी म्हणायचं आणि वर अभ्यासाचा सल्ला द्यायचा, ही कुठली रीत?

अभ्यासाचंच बोलू. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली एन्सेल कीज यांनी 36 तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. सगळे निरोगी, सगळे स्वखुशीनं आलेले. महायुद्ध चालू असताना बंदूक हाती घेणार नाही म्हणून सरकारला नकार दिलेली ही पोरं. निर्धार कच्चा असलेली माणसं असं करत नाहीत. 24 आठवडे अर्धपोटी ठेवल्यावर त्यांचं जवळजवळ पाव वजन उतरलं आणि डोक्यात दुसरं काही उरलं नाही. दिवसभर जेवणाचंच बोलणं, पाककृतींची पुस्तकं चाळणं. बंधन उठल्यावर पोट भरलं तरी भूक जाईना, असे ते खात राहिले आणि अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली. ह्यांनाही आळशी म्हणणार?

2011 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या 50 जणांचा अभ्यास आला. 10 आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवून त्यांचं वजन उतरवलं होतं. वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन चढलेलं आणि पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन उतरलेलंच होतं. म्हणजे वजन उतरलेल्या माणसाला आधीपेक्षा खरोखर जास्त भूक लागू शकते. तुम्ही ज्याला बहाणा म्हणता, तो रक्ताच्या तपासणीत दिसतो.

आणि माझं. भावाच्या लग्नाआधी मी भाकरी, भात सगळं बंद करून काकडी आणि सूपवर राहिले. 14 किलो उतरले. लोकांनी कौतुक केलं. धोंड्याच्या महिन्यापर्यंत सगळं परत आलं, वर थोडं जास्त. त्या काळात शाळेत सहा तास उभं राहून शिकवत होते, घरी सासूबाईंचं आजारपण होतं, पहाटे उठून डबे होते. आळस करायला वेळ कधी मिळाला, ते तुम्हीच सांगा.

पुढं वजन उतरलं ते हळू, आणि टिकलं. भाकरी परत आणली, कारण 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढंच फायबर असतं, पांढऱ्या तांदळात फायबर 3 ग्रॅमच्या आत. वरण घट्ट केलं, कारण नुसत्या पिवळ्या पाण्यानं दुपारी तीनला पुन्हा भूक लागते. फोडणीला बुधलीतून थेट धार सोडणं बंद केलं, मोठ्या चमच्यानं मोजून घालते. त्या एका चमच्यात 120 च्या आसपास कॅलरी असतात आणि आमच्याकडच्या भाजीवर तर तर्री तरंगायलाच हवी असते. चहातली साखर हळूहळू कमी केली. दर रविवारी सकाळी वजन बघते. येळवसीला, म्हणजे वेळा अमावास्येला मात्र शेतात बसून भज्जी, आंबील, उंडे पोटभर खाते आणि दुसऱ्या दिवशी उपास धरत नाही. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: उपास धरला की संध्याकाळी डब्यातल्या शेंगदाण्याच्या लाडवांवर हात जातोच.

ह्यात ताबा नाही का? आहे. पण तो दिवसभर दात आवळून बसण्याचा नाही. बाजारात काय घेतलं आणि चुलीपाशी काय मोजलं, तिथं तो लागतो.

एवढं लांब का लिहिलं तेही सांगते. तुमच्या प्रतिक्रियेच्या वरच एका बाईंनी दुसऱ्या बाळंतपणानंतर उतरवलेलं वजन परत आल्याचं लिहिलं होतं. मला काय खाऊ म्हणून विचारलं होतं. तुमचं वाक्य आल्यावर त्यांनी आपलं लिहिलेलं काढून टाकलं. ताई, वाचत असाल तर पुन्हा लिहा, मी उत्तर देणार आहे. आणि दादा, तुम्हाला काय बोलायचं ते माझ्याशी बोला. त्यांच्या खाली लिहिलंत तर ती प्रतिक्रिया मी ठेवणार नाही.